अर्ध्या बोटाचा वळ

मंगळवार, संध्याकाळ. शेलार गाव

आज लेकीवर हात उचलला. सुजाता भिंतीवर आपटली, ओठ फुटला तिचा.

डबा घेऊन यंत्रमागाच्या कारखान्यात आली होती. मी पान्याने एक लूम आवळत होतो, तेवढ्यात हिने शेजारच्या चालू लूममध्ये हात घातला. का, तर सूत नेणारा धोटा कसा पळतो ते बघायचं होतं! सुटलेला धोटा डोकं फोडतो, तिला काय माहीत? मला माहीत आहे. तिच्याच वयात मीही असाच बघायला गेलो आणि उजव्या हाताचं अर्धं बोट तिथंच राहिलं.

पण तेच अर्धं बोट नाचवून मीच सांगत आलो ना, की बघायची खाज होती म्हणून तुझा बाप साध्या मजुराचा जॉबर झाला, लूम दुरुस्त करायला शिकला? दरवेळी बढाई मारत.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही बघायला गेलात तर त्याची गोष्ट झाली. मी गेले तर मार?"



आत्ता जेवताना तिचा गाल दिसला. तीन बोटं पूर्ण उठली आहेत. चौथं अर्धंच.