टिटवीचं चौथं पिल्लू

नांदेड,
३० मार्च २०२५

आदरणीय लिंबाजीमामांना विशाखाचा सविनय जयभीम वि. वि.

जमादार तुमच्याकडं रुळला असेल. इथल्या नर्सेसच्या वसतिगृहात मांजर चालत नाही, नाहीतर जूनमध्ये खोली मिळेपर्यंत त्याला तुमच्या गळ्यात घातलं नसतं. एकच विनंती. निघताना तीनदा केली आणि आता लेखी करते, कारण जन्मभर पत्रं वाटलेल्या माणसाला फोनवरचं बोलणं खरं वाटत नाही. त्याला घराबाहेर सोडू नका. मागच्या पडीक प्लॉटमध्ये टिटवी अंड्यांवर बसलेली मी पाहिली. ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि जमादार पोट भरलेलं असलं तरी शिकार सोडत नाही.

आहे तो लोभ राहू द्या, आणि दार बंद राहू द्या.

तुमची भाची,
विशाखा


चाकूर,
१६ एप्रिल २०२५

चि. विशाखास मामाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. परवा जयंतीच्या मिरवणुकीत चालून गुडघे धरले, म्हणून उशीर. तुझी सूचना मात्र मला काही पटली नाही. मांजर म्हणजे काय कैदी आहे? दाराशी बसून असा ओरडतो की माझ्यानं बघवत नाही. सकाळ-संध्याकाळ सोडतो, जेवायच्या वेळेला बरोबर हजर. लई शहाणं जनावर.

वाईट बातमी वेगळीच आहे. टिटवीची चार पिल्लं निघाली होती, त्यातली दोन गायब झाली. हे काम शेजारच्या सिद्रामप्पाच्या काळ्या कुत्र्याचं. मी त्याला भर गल्लीत सुनावलं. तो म्हणाला की आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत न्हाई, कुत्रा ताक-भाकरीवर वाढलाय. मी म्हणालो की तुझ्या घरात काय शिजतं ते कुत्र्याला कोण सांगतं? शेवटी त्यानं काळ्याला साखळीनं बांधलं. आमचा तीस वर्षांचा सकाळचा चहा बंद झाला, पण न्याय तो न्याय.

मामावर राग धरू नकोस.

तुझा मामा,
लिंबाजी


नांदेड,
२२ एप्रिल २०२५

मामा, सविनय जयभीम.

हात जोडले तुमच्यापुढं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कुत्रा साखळीत आणि मांजर मोकळं! दर पौर्णिमेला विहारात पहिल्या रांगेत बसून तुम्ही पंचशील म्हणता. पहिलं शील काय आहे? जमादारानं शील घेतलेलं नाही, त्याला कळतही नाही. पण दाराची कडी तो काढत नाही मामा, तुम्ही काढता.

ओसरीला तारेची जाळी ठोका. चढायला आत एक फळी लावा, दोरीला चिंधी बांधून त्याला रोज खेळवा. आठ-पंधरा दिवस ओरडेल, मग गप्प होईल. जमत नसेल तर रजा टाकून येते आणि घेऊन जाते, कुठं ठेवायचं ते माझं मी बघीन.

राग पोचला असेल, पण माया कमी समजू नका.

विशाखा


चाकूर,
४ मे २०२५

चि. विशाखास अनेक आशीर्वाद.

खाली मान घालून लिहितोय. तुझं पत्र रागानं फडताळात टाकलं आणि जमादाराला मुद्दाम सोडलं. काळ्या साखळीतच होता. तासाभरानं जमादार आला आणि सरळ माझ्या बाजेखाली गेला. वाकून पाहिलं, तर लांब लांब पायांचं पिल्लू. अजून ऊबदार होतं. टिटवी घरावर घिरट्या घालून ओरडत होती. मला दारात उभं राहायची लाज वाटली.

सिद्रामप्पाकडं माफी मागायला गेलो. तो म्हणाला की मला कशाला सांगतूस, ज्याला बांधलं त्याला सांग. विशाखा, सत्तरीला टेकलेला तुझा मामा गल्लीतल्या बायांदेखत कुत्र्यापुढं हात जोडून उभा राहिला! काळ्यानं माझे हात चाटले. सिद्रामप्पा हसला नाही, पण दुपारी मळ्यातली उरलेली जाळी घेऊन आला आणि माझ्या हातातला हातोडा काढून घेतला. म्हणे, तुला पत्रं वाटायचं सोडून दुसरं काय येतंय.

एक पिल्लू राहिलंय. तुझा जमादार जाळीला लटकून आम्हा दोघांचा उद्धार करतोय, आणि सगळी गल्ली माझ्याकडं बघतेय.

लोभ उरला असेल तर उत्तर धाड.

लिंबाजीमामा


नांदेड,
२५ मे २०२५

मामा, सविनय जयभीम.

लोभ उरलाय, धीर उरला नाही. सुदैवानं खोली मिळाली, घरमालकिणीला मांजर चालतं. आठ जूनला रविवारी टोपली घेऊन येते आणि जमादाराला त्यात घालून घेऊन जाते. सुटलात म्हणा. तोवर जाळीचं दार लावत जा, तुमचा भरवसा नाही. काळ्याला माझा नमस्कार.

विशाखा


चाकूर,
२ जून २०२५

चि. विशाखास अनेक आशीर्वाद.

काल सकाळी चौथं पिल्लू उडालं. प्लॉटच्या कुंपणापर्यंतच, पण उडालं. मी आणि सिद्रामप्पा हातातला चहा विसरून बघत राहिलो. जमादारही बघत होता, आतून.

आता एक लिहायचं राहिलं. मोकळा होता तेव्हा तो घरी फक्त जेवायला यायचा. तुझी मामी गेल्यापासून संध्याकाळी ओसरीवर मी एकटाच असायचो. आता तोही असतो. मांडीवर बसतो, उठू म्हटलं तर नखं लावतो. चिंधी खेळवून माझा हात दुखायला लागलाय, तो आणखी वैताग.

रविवारी ये. चार दिवस राहा. पण टोपली आणू नकोस.

तुझा मामा,
लिंबाजी