घरटं न बांधणाऱ्या उंदरांविषयी मावशीस

थांब, आधी हिला आत टाकतो. डाव्या मुठीत उंदरीण आहे आणि उजव्या हाताने लिहायला घेतलंय, म्हणून पहिली ओळ अशी उताराला लागली. पिंजरा बदलताना निसटली, माझ्या बाहीत शिरली, काखेपर्यंत गेली आणि तिथून आपणहून परत फिरली (का, ते मी विचारलं नाही). गेली आत. झाकण लावलं. दोनदा बघितलं.

आता रीतसर. तीर्थरूप मावशीस, तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं असं दादा फोनवर म्हणाला. त्याचे शब्द असे: "आईला आता भिंतीवरची पाल दिसते, फक्त मी केलेलं काम दिसत नाही." म्हणजे तू ठणठणीत आहेस. तरी महिनाभर वाचायला बंदी आहे, त्यामुळे हे पत्र वहिनी वाचून दाखवणार. वहिनींनाही नमस्कार. (वहिनी, कंसातलं मोठ्याने वाचू नका. ते तुमच्यामाझ्यात.) फोनच केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मग मी जे सांगायचं नाही तेच सांगून बसतो.

बातमी अशी की तुझे उंदीर बंद व्हायची वेळ आली आहे. नवे साहेब मागच्या महिन्यात चार नंबरच्या खोलीत आले. पाठीमागे हात बांधून रॅकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, "हे काळे उंदीर गेल्या सहा वर्षांत कुणी मागितलेत?" मी म्हटलं, नाही. "मग आपण ते का पाळतो?" मी बराच विचार केला आणि म्हटलं, सवय. साहेब माणूस वाईट नाही. हसले. पण हसून झाल्यावर म्हणाले की खोली दुसऱ्या कामाला हवी आहे. मग ज्यांनी हा वंश सुरू केला त्या डॉक्टरीणबाईंना कळवलं. त्या आता फार लांब असतात, पण दोन दिवसांत उत्तर आलं: वंश संपवू नका, तरुण नरांचं बीज गोठवून ठेवा, पुढे कुणाला तरी लागेल. तरुण नर कुठून आणू? आपले चारही म्हातारे झालेत आणि त्यांना जेवणाखेरीज कशात रस उरलेला नाही. (एकाला मागच्या महिन्यापर्यंत होता. त्याच्या कृपेने तीन माद्या गाभण राहिल्या.) साहेबांनी शेवटचा शब्द दिला: या तीन वेतांतली पिल्लं जगली तर ती मोठी होईपर्यंत खोली राहील, नाही तर नाही. दोन वेतं गेली. तिसरी मादी चार-पाच दिवसांत विणार आहे. बाहीत शिरली होती ती हीच.

वहिनींसाठी थोडं मागचं सांगतो, कारण मी उंदीर मारण्याच्या खात्यात आहे असं दादा गेली पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलाय. वहिनी, आम्ही पाळतो, प्रयोगशाळेसाठी, आणि निवृत्तीपर्यंत मावशी याच खोलीत माझ्याबरोबर कामाला होती. या काळ्या उंदरांमधलं एक जनुक मुद्दाम काढून टाकलेलं आहे, ते नसताना काय बिघडतं ते पाहण्यासाठी. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशी आम्हा दोघांना फळ्यावर अर्धा तास समजावलं. मी मान डोलवत होतो. मावशी म्हणाली, "म्हणजे स्वेटरातला एक टाका सोडायचा आणि काय उसवतं ते बघत बसायचं." बाई थांबल्या, फळा पुसला, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तेच सांगू लागल्या (तुझं नाव न घेता. मावशी, हे तू अजून विसरली नाहीस हे मला माहीत आहे. वहिनी, हा कंस वाचला तरी चालेल).

उसवली ती आई. बाकी सगळं शाबूत. खातात, पळतात, एकमेकांच्या अंगावर झोपतात. पण साध्या उंदरिणीला टिश्यू पेपर दिला की ती रात्रभर बसून त्याचा कापूस करते आणि सकाळी वाटीसारखं घरटं तयार असतं. आपली काळी त्याच कागदावर नुसती जाऊन बसते, बाकावर कुणी वर्तमानपत्र टाकून बसावं तशी. पिल्लं होतात ती पिंजराभर विखुरलेली असतात, शेंगांच्या सालींसारखी. तिला ती दिसतात. ती त्यांच्यावरून चालत जाते. बाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना आनंद झाला, प्रयोग बरोबर आला होता. तू मात्र खुर्ची ओढून बसलीस आणि चिमट्याने टिश्यूच्या पट्ट्या फाडायला लागलीस. बाई म्हणाल्या, अहो, असं करायचं नाही. तू म्हणालीस, "प्रयोगाच्या पिंजऱ्यात नाही करत. वंशाच्या पिंजऱ्यात करते." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. एकोणीस वर्षं तोच नियम आहे.

नुसत्या घरट्याने भागेना, तेव्हा तू पांढऱ्या आणवल्यास. त्याच दिवशी व्यालेली साधी पांढरी उंदरीण घ्यायची, तिच्या पिंजऱ्यातला ओला भुसा मुठीत घ्यायचा, काळीची पिल्लं त्यात हलक्या हाताने घोळवायची आणि तिच्या पिल्लांत सोडून द्यायची. हातमोज्यांना रबराचा वास येतो म्हणून ते आधी खुंटीवरच्या तुझ्या तपकिरी स्वेटरावर घासायचे. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पांढरी दोन मिनिटं हुंगायची, मग एकेकाला तोंडात धरून आत न्यायची. आपल्याला रंगावरून कळायचं कुणाचं कोण. तिला कळायचं नाही. तू म्हणायचीस, "दोन दिवसांनी विचारूच नकोस."

असंच वाक्य मी त्याआधी एकदा ऐकलं होतं. मी सहा वर्षांचा होतो. आई दवाखान्यात होती, दोन महिन्यांचा प्रश्न आहे असं सांगितलं होतं, आणि मी एक पिशवी घेऊन तुझ्याकडे आलो होतो (बारा वर्षं राहिलो). दादा दारात उभा होता. त्याने विचारलं, "हा किती दिवस?" तू त्याच्या अंगातला स्वेटर काढून मला घातलास आणि माझा त्याला. तो ओरडला, "ए आई, याच्या स्वेटराला कसला तरी वास येतो!" तू म्हणालीस, "दोन दिवसांनी येणार नाही." नाही आला. तिसऱ्या दिवशी त्याने मला स्वतःचा भोवरा दाखवला. पाचव्या दिवशी मारलं. म्हणजे मी घरचा झालो. (वहिनी, त्या मारामारीत दात माझा पडला होता. तो उलटं सांगत असेल.)

तर आता मुद्द्यावर येतो. पहिलं वेत मी तुझ्या पद्धतीने पांढरीकडे दिलं. तिने हुंगलं आणि सगळी पिल्लं पायांनी भुशाखाली ढकलली. संध्याकाळपर्यंत गार झाली. दुसऱ्या वेताला मी जास्त काळजी घेतली. रेडिओ बंद केला. तुझी खुर्ची, जी आता डगमगते, बाहेरून आणून पिंजऱ्यासमोर ठेवली. तू बसायचीस तशी एक पाय दुमडून बसलो (उठायला शिपायाला बोलवावं लागलं). तू त्यांच्याशी बोलायचीस म्हणून तेही केलं. आवाज बारीक करून म्हटलं, "काय गं बये, तुला काय सोन्याचा भुसा हवा का? हुंगतेस काय अशी, भाजी घ्यायला आलीस?" मागे दारात साहेब उभे होते. त्यांनी विचारलं, "कुणाशी बोलताय?" मी म्हटलं, कामाशी. ते गेले. त्यानंतर ते माझ्याशी जरा हळू आवाजात बोलतात, आजाऱ्याशी बोलावं तसं. दुसरं वेतही गेलं.

बाकी इथे सगळं छान आहे. पहिल्या वेताच्या आदल्या आठवड्यात तपासणी झाली आणि उत्तम झाली. तपासणीच्या बाईंनी पांढऱ्या रुमालाने नळामागची भिंत पुसून पाहिली आणि रुमाल पांढराच राहिला. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढं स्वच्छ तर दवाखानाही नसतो, इथे कोण आजारी आहे? तुझी खुंटी जिथे होती तिथेच आहे. तुझा स्वेटर खुंटीवर आहे. निवृत्त झालीस त्या दिवशी "राहू दे, त्यांना सवय आहे" म्हणून ठेवून गेलीस, त्याला अकरा वर्षं झाली. दुपारी खोलीत कुणी नसतं, पंखा चालू असतो, आणि पिंजऱ्यापिंजऱ्यांतून कुरतडण्याचा तो बारीक आवाज येतो, ज्याला तू पाऊस म्हणायचीस. तेव्हा मी डबा उघडतो आणि अजूनही अर्धी पोळी बाजूला ठेवतो, तू आयत्या वेळी मागायचीस म्हणून. मग ती मीच खातो. तब्येतीला जप. दादाला आशीर्वाद द्यायची मला परवानगी नाही, तेव्हा त्याला नुसतं विचारलंय म्हणून सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. मावशी, या वेताला काय करू ते कळव. तुझ्या वेळी असं कधी झालं होतं का?

ता. क. दोन. (वहिनी, इथून पुढे मनात वाचा.) स्वेटर खुंटीवर आहे हे मी खरं लिहिलं आहे. मापाबद्दल काही लिहिलेलं नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी मला स्वच्छतेचा झटका आला आणि तो स्वेटर मी पिंजऱ्यांबरोबर वाफेच्या यंत्रात घातला. एकशेएकवीस अंश, वीस मिनिटं. बाहेर आला तेव्हा सहा वर्षांच्या मुलाला बसेल एवढा झाला होता आणि त्याला कसलाही वास नव्हता. नव्या हातमोज्यांना मात्र भरपूर आहे. दोन वेतं त्याने गेली, उंदरिणींचा काही दोष नाही. साहेबांना हे सांगण्यासारखं नाही आणि मावशीला सांगायची माझी हिंमत नाही. ती दुपारी विणायला बसते तेव्हा अंगात असतो तो राखाडी स्वेटर तुम्ही, न धुता, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठवाल का? तिला काहीही सांगा. नमुना हवाय म्हणा.

ता. क. तीन. मावशी, वहिनी मधेच गप्प झाल्या असतील तर त्यांना रागावू नकोस.

सकाळ. काल टपालाची वेळ चुकली, म्हणून त्याच कागदावर लिहितो. काळी अंदाजाआधीच व्याली. सहा पिल्लं, विखुरलेली. स्वेटर नव्हता, म्हणून हातमोजे माझ्याच शर्टावर घासले, तीन दिवसांचा अंगात आहे. पिल्लं भुशात घोळवून पांढरीकडे ठेवली आणि खुर्चीवर बसलो. पाच तिने दहा मिनिटांत आत नेली. सहावं कोपऱ्यात राहिलं. नऊ वाजायच्या थोडं आधी तेही नेलं. नर किती ते पुढे कळेल. साहेबांनी वाकून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, खोली राहू दे. पाकीट आता चिकटवतो. वहिनी, स्वेटर तरीही पाठवा.