दिवाळीपासून थंड बॉयलर

३ फेब्रुवारी, मंगळवार

आमचंच निघालं. पहिल्या टप्प्यात बंद करायच्या युनिटांत सगळ्यात वर — आम्ही ज्याच्या कॉलनीत वाढलो त्या वीजकेंद्राचं एक नंबर. आणि टाईप कोणी केलं? मी. मरोळच्या ऑफिसात, एसीत बसून.

कोळशाची कुठली वीजकेंद्रं कधी थांबवायची, त्याने हवेत जाणारा कार्बन किती कमी होईल, असा राज्याचा आराखडा आमच्याकडे बनतोय. आमचं युनिट जुनं, कोळसा जास्त खातं, वीज कमी देतं. हिशोब बरोबर आहे. परत करून पाहिला. चुकावा असं फार वाटत होतं.

श्वेता मॅडम माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "ओळखीचं आहे का गं?" म्हटलं, "बाबांनी पेटवलंय ते. पहिल्यांदा." त्यांना वाटलं, मस्करी करतेय.

बोरीवलीला घरी आले तर बाबा फोनवर. रोजचंच. माझा भाऊ प्रबुद्ध त्याच युनिटवर आहे, ड्युटीवरून फोन करतो. बाबांचा एकच प्रश्न — "बॉयलर कसा हाय?" तो म्हणतो, "झकास, बाबा." मग बाबा जेवायला बसतात.

झकास कसलं! दिवाळीपासून थंड आहे बॉयलर. विजेला मागणी नाही म्हणून थांबवला, तो परत पेटवायचं कोणी नावच काढत नाही. शेजारचं दोन नंबर तर केव्हाच भंगारात गेलं. बाबांना यातलं काही माहीत नाही. हृदयात स्टेंट घातलेल्या माणसाला कोण सांगणार?

५ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे स्वप्न पडलं. आमच्या वीजकेंद्राची चिमणी इथे बोरीवलीत आली होती, नॅशनल पार्कच्या झाडांत उभी. धुराऐवजी ढग सोडत होती, एकेक, सावकाश. खाली आई दोरीवर साड्या वाळत घालत होती. मी वरून ओरडले, आई, राख पडेल. ती हसली. "आता कुठली राख?" तिला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आवाज अगदी तोच.

कॉलनीत बायका आधी धुराची दिशा बघायच्या, मग कपडे बाहेर काढायच्या. धूर आपल्याकडे वळला की बादली परत आत. मी अजून बाल्कनीत बादली घेऊन आधी वर बघते. सोसायटीतले म्हणत असतील, बाई वेडी आहे.

आजही बघितलं. डोंगरावर पांढुरकं काहीतरी पसरलं होतं. धुकं की धूळ, कळेना. कपडे घातले वाळत.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारभर लोळले. बाबा कपाट आवरत होते, त्यात निळी काच सापडली. बॉयलरच्या झरोक्यातून जाळ बघायची काच. त्यांनी ती बनियनने पुसली आणि माझ्या हातात दिली. "घे, बघ." मी तिच्यातून पार्क बघितला, शेजारच्यांच्या खिडक्या बघितल्या, बाबांना बघितलं. सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं.

लहानपणी एकदा सेफ्टी वीकमध्ये घरच्यांना केंद्राच्या आत नेलं होतं. बाबांनी मला उचललं, डोळ्यांवर काच धरली, झरोका उघडला. मला आग दिसलीच नाही. निळं काहीतरी हलत होतं, मोठं, आणि मला त्यात जावंसं वाटत होतं.

तेव्हा गावात आमच्या वस्तीला विजेचा खांब नव्हता. बाबा केंद्रात वीज बनवायचे आणि सुट्टीत गावी जाऊन कंदिलाची काच पुसायचे. त्या नोकरीवर घर झालं, मी इंजिनियर झाले. आणि मीच त्या युनिटाचं नाव वर टाकलं. बंद व्हायलाच हवं, यात मला शंका नाही. पण आतून तुटतं यार, काय करू.

१० फेब्रुवारी, मंगळवार

प्रबुद्धशी भांडले.

युनिट बंद झालं की तिथल्या माणसांना सोलर प्रकल्पावर घेणार, ट्रेनिंग देणार. पण महिनाअखेरपर्यंत 'येतो' असं कळवायचं. नंतर कोणी विचारणार नाही. ते कलम मीच लिहिलंय! आणि माझाच भाऊ कळवायला तयार नाही.

"ताई, मी इथून हललो तर बाबांना काय सांगू? बॉयलर कुठे गेला म्हणू?"

"खरं सांग."

"तू सांग ना मग. तू तर शेजारी बसतेस त्यांच्या."

म्हणाला, कॉलनीतल्या नानांनाही, बाबांच्या जुन्या सोबत्याला, तंबी दिलीय, बाबांचा फोन आला तर हवापाण्याचं बोला. मी विचारलं, दिवसभर करतोस काय रे तिथे? "बसतो. पारव्यांनी घरटी केलीत आत. इतकं शांत असतं, ताई, झोप येते."

नोकरी हातची जाईल त्याची. तीही एका खोट्यापायी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज सांगणारच होते. बाबांनी मेथीची भाजी करून ठेवली होती. नाही सांगितलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आराखडा मान्य झाला. मॅडमनी पेढे वाटले. मीही खाल्ला, गोड लागला.

उद्या पेपरात येणार — युनिटांच्या नावांसकट. बाबा तर पेपर मथळ्यापासून वधूवरांच्या जाहिरातींपर्यंत वाचतात. पेपरवाल्याला फोन करून सांगितलं, उद्या आमच्याकडे टाकू नको. राज्याचं धोरण लिहिणारी बाई पेपर लपवतेय. धन्य आहे माझी.

१५ फेब्रुवारी, रविवार

"पेपर नाही आला?" "नाही आला, बाबा." एवढंच बोलणं. मग ते पार्काच्या गेटापर्यंत फिरून आले. माझी नजर चुकवत होते की मी त्यांची, कोण जाणे. दुपारी झोपले तर पुन्हा ढग, पुन्हा ती चिमणी.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहा देताना बाबा म्हणाले, "काल गेटापाशी पेपर घेतला. पण मले दिवाळीतच समजलं होतं, माय. चालू टर्बाईनजवळून बोलणारा माणूस बोंबलून बोलते. हा पोरगा तवापासून माह्याशी हळू बोलून राहिला."

"मग रोज विचारायचात कशाला?"

"मी विचारतो म्हणून तो ड्युटीवर जाते, असं वाटे. नाहीतर खचला असता."

मी त्यांना सोलरचं सगळं सांगितलं — तो का कळवत नाही, तेही. चहा तसाच राहिला. मग त्यांनी स्वतः फोन लावला. "प्रबुद्ध, ते नवीन काम शिकाले कधी जाऊन राहिला तू?"