आबांचा ऊस वाळताना

१६ जानेवारी १९७४
बार्शीच्या शाळेतून रजा. 'यांच्या' वाट्याच्या बागेचा ताबा मिळाला. कोर्टाचा निकाल लागून महिना झाला तरी आबा कुलूप काढेनात, शेवटी तलाठ्यासमोर पोलिसाने तोडलं. थोरले दीर म्हणून ज्यांच्यापुढे कधी मान वर केली नाही, त्यांच्याकडे आज सरळ बघत राहिले. 'हे' गेले, तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी याच माणसाने माझी ट्रंक आणि एवढीशी सुमन फाट्यावर नेऊन ठेवली होती.
बाग पेशवाईतली म्हणतात. आंबे निम्मे तोडलेले. बारवेच्या पायऱ्यांत बाभळी, तळाला गाळ. काठावर आबांचं इंजिन, पाइप थेट बांधापलीकडच्या त्यांच्या उसात.
"इंजिन उचला."
"पाणी तुझ्या बापाचं हाय व्हय?"
"कोर्टानं माझं म्हटलंय."
संध्याकाळच्या आत उचललं.

२० जाने.
सुमन सोलापूरहून आली. तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. म्हणते, विकून टाक आई, बार्शीत दोन खोल्या होतील. विकली तर आबा दुसऱ्याच्या नावावर घेणार. ठेवली तर माझ्यामागे घेणार. गावाला दिली तर? सगळ्यांची झाली की त्यांच्या सात पिढ्यांना परत मिळायची नाही. लोक मला दानशूर म्हणतील. म्हणोत.

१० फेब्रु.
वकिलांकडून ट्रस्टचे कागद झाले. पंच नेमले. आज गाळ काढायला सुरुवात. खालच्या आळीच्या बायका आल्या, पुढे गजराबाई. दुष्काळात या पाण्याला आल्या म्हणून आबांनी यांच्याच घागरी दगडाने फोडल्या होत्या. गजराबाई पहिल्या पायरीशी थांबली.
"उतरू का, बाई?"
"उतरा की. आता तुमचीबी हाय."
बांधावर आबांची माणसं उभी राहून बघत होती. मी म्हटलं त्यांना हटकू का. गजराबाई म्हणाली, "बगू द्या. डोळं दुकू द्या की जरा."
ही बाई मला आवडते.

१७ मार्च
गाळाखाली कोरलेले दगड लागले, भिंतीतल्या देवळीत दगडी नाग. जिवंत झरा मोकळा झाला, पाणी चढतंय. बारवेवर आता दिवसभर बायकांचा गलका.
पलीकडे आबांचा ऊस पिवळा पडला. खरं लिहायचं तर दर रविवारी बार्शीहून मी तोच बघायला जाते. बांधावर बसून भाकरी खाते. शेंड्यापासून वाळत येतो ऊस. पानं वाऱ्याने कागदासारखी वाजतात. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.
सुमन होती बरोबर. "तू हसतेस ना आई, बघवत नाही." बघू नको म्हटलं.

२४ एप्रिल
वनखात्याचे साहेब आले. बागेमागच्या, ट्रस्टच्याच माळावर पूर्वी माळढोक यायचा, अजून एखादी जोडी असेल म्हणाले. मोठा पक्षी, उघड्या गवतात जमिनीवर अंडं घालतो, एकच. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत गुरं बंद ठेवाल का?
माळ ट्रॅक्टरखाली घालून ऊस लावायचा आबांचा किती दिवसांचा बेत होता, ते मला ठाऊक. लगेच हो म्हटलं. साहेबांना वाटलं, बाईंना पक्ष्यांचं केवढं प्रेम.
चराईबंदी. गावाने दिवाळीनंतर गवत कापून वाटून घ्यायचं. पंचांना पटलं.

४ ऑगस्ट
दिसला! उंच मान, पांढरी. पोटरीएवढ्या गवतात आरामात चालत होता, जसा काही मालकच. गजराबाई नि मी पालथ्या पडून बघत होतो. पाऊण तास गेला असेल. आबांची आठवण एकदाही आली नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

२२ सप्टें.
आबांचे चारही बैल माळावर. कुंपणाच्या बोराट्या हाताने बाजूला केलेल्या, चुकून शिरलेले नव्हेत. मादी उडाली. अंडं खुराखाली. टरफलाचे तुकडे मी ओच्यात गोळा केले, कशाला कोण जाणे.
बैल कोंडवाड्यात. पंचांनी विचारलं, बाई, काय करायचं? म्हटलं, मालकाने स्वतः यावं आणि मी सांगेन तसं करावं, तोवर सोडायचे नाहीत.

३० सप्टें.
जाऊबाई आल्या. थेट बार्शीला, शाळेत, मधल्या सुट्टीत. पायात चप्पल नाही.
"धाकटे, रानातली वल जाया लागलीय. ऊस गेला, आता ज्वारी तरी पेरू दे. बैल सोड."
"आबांना पाठवा. परवा सुट्टी आहे, बारवेवर यायचं, गजराबाईच्या हातचं पाणी सगळ्यांसमोर प्यायचं. मग बैल."
त्या जायला वळल्या. "त्यास्नी मरण बरं वाटंल त्यापरीस."
घंटा झाली, वर्गावर गेले. पाढे घेताना अंगात नुसती गरम लहर.
(गजराबाईला अजून विचारलेलं नाही. ती नाही म्हणणार नाही.)

२ ऑक्टो.
गांधी जयंती. प्रभातफेरी उरकून गाडी धरली.
आबा आलेले. एकटे. बारवेच्या कट्ट्यावर, टोपी मांडीवर. केस गेलेत सगळे. गावातली पंधरा-वीस माणसं लांब उभी.
"बोलाव तिला," म्हणाले.
गजराबाईच्या घरी माणूस पाठवला. सून म्हणाली, सासूबाई पहाटेच्या गाडीनं करकंबला लेकीकडं गेल्या, कधी येतील ते काय बोलल्या न्हाईत. काल संध्याकाळी तिला सगळं कळलं होतं म्हणे, दुसऱ्या कुणाकडून.
आबा उठले नाहीत. बसून राहिले. मीही बसले, मध्ये चार हातांचं अंतर. याच दिवसाची वाट किती वर्षं पाहिली होती. मग आबाच म्हणाले, "सुमी काय करती?"
मी उठून बारवेतल्या पाण्याकडे बघायला लागले.
ऊन चढलं. माणसं पांगली. जाताना म्हणाले, "उद्या येतो परत." येतील.
बैल कोंडवाड्यातच. रानातली ओल दिवसागणिक कमी होतेय. करकंबची गाडी सकाळी असते. गजराबाईला आणायला जावं, की तिची माफी मागायला, की आबांना एकटंच बसवावं तिथे रोज, रोज...