न आलेले दात

शिरूर, १२ ऑगस्ट २०२४

ती. रतनवन्सं यांस सुवर्णाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर सासूबाई शेजारीच असतात, म्हणून लिहितेय. आपल्या प्रांजलचे वरचे दोन दुधाचे दात पडून वर्ष झालं, नवे येईनात. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्या जागी आत दाताचा कोंबच नाही म्हणाले, जन्मापासूनच नाही. पक्के दात वाढ पुरी झाल्यावर, अठराच्या पुढंच बसवता येतील. घरात आणखी कुणाला असं आहे का, विचारलं. सासूबाई चटकन म्हणाल्या, आमच्यात कुणाला न्हाई. तेव्हापासून मलाच बोलतायत, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून. हे उठून बाहेर जातात. पोर तोंडावर हात धरून बोलते. परवा शाळेत बाईंनी कविता म्हणायला उठवलं तर रडत घरी आली. तुम्ही तिची लाडकी आत्या, समजवाल का?

उत्तराची वाट बघते.

सुवर्णा

दौंड, १९ ऑगस्ट

चि. सौ. सुवर्णास अनेक आशीर्वाद.

तुझा काहीच दोष नाही गं. माझेही तेच दोन दात कधी आले नाहीत. आईला ठाऊक आहे. गोठ्यात पडून तुटले, असं तीच सगळ्यांना सांगायची. तुझा रोहिदास माझ्याहून धाकटा, त्यालाही तेच खरं वाटतं. माझ्या लग्नात आई म्हणाली, ओठ मिटून बस. सासरी गेल्यावर नणदेच्या थट्टेला मी हसले आणि सगळ्यांनी पाहिलं. फसवलं म्हणत महिन्यात माघारी धाडलं. आईनं एवढंच विचारलं, हसलीस कशाला? मग मी इकडं रेल्वे कॉलनीत डबे करायला लागले. आता दिसतात ते दात काढता-घालता येणारे आहेत.

रविवारी येते. प्रांजलला काही सांगू नकोस, मीच दाखवीन. तिला गोड पापा.

रतन

शिरूर, २८ ऑगस्ट

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुम्ही दात काढून तळहातावर ठेवलेत, तेव्हा वाटलं पोर भिईल. तिनं वाकून तुमच्या तोंडात पाहिलं, आपलंही उघडून दाखवलं, आणि दोघी हसत सुटलात. शाळेत अजून हात धरूनच बोलते, पण घरी नाही. डॉक्टरांना यांनी स्वतःहून सांगितलं, माझ्या बहिणीलाही आहे.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत, ते तुम्हाला लागलं असेल. तुमची एसटी गेल्यावर त्यांनीच विचारलं, रतन हसत व्हती न्हवं? मी हो म्हणाले. बराच वेळ एकच पातेलं घासत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, कशी दिसती गं हसताना?



आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची सुवर्णा