शंभर ग्रॅम नाबात

बिश्केक,
३ सप्टेंबर १९९५

ती. बुरुल एजेस,
धाकट्या भावाचा दुरूनच वाकून सलाम. वि. वि.

तू पाठवलेली कुरुताची पिशवी पोचली. त्या खारट दह्याच्या निम्म्या गोळ्या डेपोतल्या लोकांनी संपवल्या आणि आता दिवसभर पाणी पीत माझ्या नावानं खडे फोडताहेत. माझी ट्रॉलीबस ठीक आहे. एकाच कोपऱ्यावर दिवसातून दोनदा तिचे दांडे तारेवरून निसटतात. लोकांना इतकी सवय झालीय की मी खाली उतरायच्या आत ते उतरून सिगारेट पेटवतात.

आता मुद्द्याचं. आपल्या चोल्पोनला लग्न करायचंय. मुलगा गुरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, नाव उलान, आपल्याच सारी-बुलाकचा. सात पिढ्या तपासल्या, दोन्ही घरांचं नातं कुठेच लागत नाही. मी खुशीत चहाचा वाडगा उचलला आणि आईचं नाव विचारलं. पोरीनं सांगितलं, आणि चहा माझ्या मांडीवर.

एजे, तो नाबात जेंगेचा मुलगा आहे. दुकानवाली नाबात जेंगे, सगळ्या गावाची वहिनी.

मला सगळं दुकानच डोळ्यांसमोर आलं बघ. तो हिरवा दरवाजा. रॉकेल, साबण आणि खारवलेले मासे यांचा मिळून एक वास. छताला टांगलेले रबरी बूट. आणि गल्ल्यामागं, पायांखाली पेटी घेऊन उभी राहिलेली ती नवी सून. सासूचं नाव शेकेर, म्हणजेच साखर, म्हणून दुकानात साखर म्हणायची सोय नाही. चुलतसासू जिबेक, म्हणून रेशीम बंद. सासरा तेमिर, म्हणून लोखंडही बंद. सूनबाईंनी थोरल्यांची नावं तोंडावर आणायची नाहीत, पण निम्मं दुकान थोरल्यांच्याच नावाचं. मग साखर झाली ‘मुंग्यांचा खाऊ’, रेशीम ‘किड्याची लाळ’ आणि लोखंडी बादली ‘खणखणीची बादली’. आपल्याला वाटायचं हेच खरे शब्द. मी शिकायला शहरात आलो आणि वसतिगृहाच्या खानावळीत दोन चमचे मुंग्यांचा खाऊ मागितला. चार वर्षं मला मुंगळा म्हणत होते.

पण माझ्या त्या बकरीच्या भानगडीनंतर जेंगे मला काय म्हणत असेल? तेहतीस वर्षं मी गावात कालव्याच्या बाजूनं शिरतो, दुकानासमोरून जात नाही. आता बकरीवाल्याच्या पोरीला ती सून करून घेईल का? उलाननं आईला सांगितलंय. आई म्हणाली, बघू. या ‘बघू’नं माझी झोप उडालीय. तू पोस्टात असतेस, तुला सगळ्यांच्या पोटातलं कळतं. जरा अंदाज घे.

मेरिमचा सलाम. लोभ आहेच, तो या वेळी जरा कामाला लाव.

तुझा,
केंजे

*

सारी-बुलाक,
१४ सप्टेंबर १९९५

चि. केंजेस,
एजेचे भरपूर आशीर्वाद आणि एक धपाटा.

आधी धपाट्याचं कारण. दरवाजा निळा होता. हिरवा दरवाजा दवाखान्याचा. लहानपणी तू दोन्हीकडे रडतच जायचास, म्हणून तुझा गोंधळ होतो.

दुसरं, बकरीची भानगड तुझी एकट्याची नव्हती. मी इतकी वर्षं गप्प बसले, कारण मला कुणी विचारलं नाही. जेंगेच्या तोंडून शेकेर हा शब्द काढून दाखवीन अशी पैज तू पोरांशी मारलीस. पण बकरी आपली होती, ती राखायचं काम माझं होतं आणि दुकानाच्या मागच्या दारानं तिला साखरेच्या पोत्यावर सोडली ती मीच. त्या बदल्यात तुझ्या वाटणीचे खडीसाखरेचे दोन खडे मला मिळायचे होते. ते अजून मिळालेले नाहीत. तू ओरडलास, जेंगे वळली आणि तिच्या तोंडून निघून गेलं की बकरी शेकेर खातेय. आणि उंबऱ्यात कोण उभं, तर साक्षात शेकेर म्हातारी. मी तेव्हाच पळाले. तू कशाला थांबलास ते मला आजवर कळलेलं नाही.

आता जेंगेचं. गुडघे गेलेत, पण दुकान सोडवत नाही. सरकारी दुकान बंद पडलं तेव्हा लोकांनी बुडालं ते असं म्हटलं, तिनं ते स्वतःच्या नावावर करून घेतलं. एक माणूस जागा मागतोय, त्याला तिथं बिलियर्डचं टेबल टाकायचंय. जेंगे त्याला म्हणाली, आधी सून येऊ दे. दोन थोरल्या सुना मात्र शहरात, त्यांना गल्ल्यामागं उभं राहायला लाज वाटते. तेव्हा हे एकट्या उलानच्या लग्नाचं नाही. येणारी सून गल्ल्यामागं उभी राहिली तर दुकान राहील, नाही तर चेंडू आणि काठ्या.

तुझ्याबद्दल मी तिला सहज विचारलं. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि माझ्या पाकिटावर इतक्या जोरात शिक्का मारला की तिकीट फाटलं. शिक्का माझा होता आणि पोस्टही माझंच.

पोरीला माझ्याकडे आठवडाभर पाठव. सहज आल्यासारखी येऊ दे. दुकानात जाईल, जेंगे बघेल. तिला चार शब्द शिकवून पाठव.

सगळ्यांना ऊब मिळो आणि तुझे दांडे तारेवर राहोत.

तुझी,
बुरुल एजे

*

बिश्केक,
२३ सप्टेंबर १९९५

ती. एजेस,
घाईचा सलाम. वि. वि.

पोरगी मंगळवारच्या बसनं येतेय. शिकवायचं काय, तिला सगळं येतं. आमच्या घरी साखर कधी साखर नव्हतीच. तिच्या शाळेतून एकदा चिठ्ठी आली होती की मुलीनं निबंधात किड्याच्या लाळेचा रुमाल लिहिलाय, घरी सगळं ठीक आहे ना. तरी मी चार दिवस उजळणी घेतली. मी जेंगे झालो, मेरिम गिऱ्हाईक झाली, आणि पोरगी हसून हसून पलंगावरून खाली पडली. पण पाठ झालंय.

तिला सांगितलंय की शेवटी स्वतःसाठी शंभर ग्रॅम नाबात माग. जेंगेच्या हातची ती नाबात, ती खडीसाखर, पितळी हातोडीनं फोडून कागदाच्या पुडीत दिलेली, तिच्या बापाला तेहतीस वर्षांत मिळाली नाही. निदान तिला मिळू दे. आठवतं ना, तोलून झाल्यावर जेंगे प्रत्येकाच्या तळहातावर एक खडा वरचा ठेवायची? तो खडा आपण घरापर्यंत गालात धरून न्यायचो, कुणी काही विचारलं तर मान हलवून उत्तर द्यायचो. शहरात एवढी दुकानं आहेत, पण वरचा खडा कुणी देत नाही.

दरवाजा हिरवाच होता.

लोभ आणि धपाटे असेच चालू राहू देत.

तुझा,
केंजे

*

सारी-बुलाक,
४ ऑक्टोबर १९९५

केंजे,
आशीर्वाद नंतर. आधी बस खाली.

तुला एवढ्या वर्षांत शहरातल्या धुरानं काय झालंय? अरे, आपण कधी नाबात म्हणायचो का? खडा म्हणायचो, खडा! जेंगे, खडा द्या. बाईच्या तोंडावर तिचं नाव घेऊन ते तागडीत तोलायला कसं सांगायचं, म्हणून आईनं कान उपटून शिकवलं होतं. ते विसरलास आणि पोरीला तसंच पाठवलंस.

ऐक काय झालं ते. शनिवारी पोरगी दुकानात गेली, मी तिकिटं विकत घ्यायच्या निमित्तानं मागं. हो, मला माहितीय तिकिटं मीच विकते, पण तेव्हा दुसरं सुचलं नाही. दुकानात सात-आठ बायका. पोरीनं डोक्यावरचा रुमाल नीट केला, वाकली आणि एक किलो मुंग्यांचा खाऊ मागितला. मग लाल किड्याच्या लाळेचं एक रीळ. मग खणखणीची एक पळी. जेंगेचे हात थांबले. चेहरा असा मऊ झाला की मी मनातल्या मनात तुला दोन खडे माफ केले.

आणि मग तुझी कार्टी गोड आवाजात, ठासून म्हणाली, “आणि शंभर ग्रॅम नाबात.”

माशीसुद्धा बसल्या जागी थांबली. सासू होणाऱ्या बाईला, तिच्याच दुकानात, शंभर ग्रॅम मागितली. पोरीच्या लक्षात आलं. कुणी तरी शब्द कानात सांगावा म्हणून तिनं इकडेतिकडे बघितलं, मी खडा खडा असं तोंड हलवत होते, तिला वाटलं माझ्या घशात काही अडकलंय. मग तिनं स्वतःच शब्द बनवला. म्हणाली, म्हणजे ती हो, ती दातपाडी. आणि हे म्हणताना ती जेंगेच्या पुढच्या चार सोन्याच्या दातांकडे बघत होती.

जेंगेनं डोक्यावरचा रुमाल तोंडाला लावला. बायकांना बाहेर काढलं, मला आणि पोरीलाही काढलं, कुलूप लावलं आणि घरी गेली. आज बुधवार, दुकान अजून बंद आहे. दुकान बंद आहे असं गावानं कधी बघितलेलं नाही, तिच्या नवऱ्याच्या मातीच्या दिवशीसुद्धा दुपारी उघडलं होतं. बिलियर्डवाला काल येऊन दरवाज्याची रुंदी मोजून गेला. पोरगी माझ्याकडे रडतेय आणि रडता रडता कुरुत खातेय. उलान दोन्ही घरांमध्ये फेऱ्या मारतोय, त्याच्याशी कुणीच बोलत नाही.

मी जाऊन दार वाजवलं. आतून जेंगे म्हणाली, जा बुरुल, मला तुझं तोंड बघवत नाही.

काय करायचं ते कळव. आणि दरवाजा निळाच आहे, बंद असल्यामुळे नीट बघता आला.

तुझी,
एजे

*

बिश्केक,
९ ऑक्टोबर १९९५

ती. एजेस,
सलाम.

चूक माझी, पोरीची नाही. मी सुटी मागितलीय, मिळाली की येतो. या वेळी कालव्याच्या बाजूनं येणार नाही. सरळ दुकानासमोर उभा राहीन आणि माफी मागीन, बकरीची आणि नाबातची एकदमच. जेंगेनं दोन थोबाडीत दिल्या तरी चालेल, पण माझ्या मूर्खपणापायी पोरीचं घर आणि गावाचं दुकान जाऊ नये. मला रात्रंदिवस तेच दिसतंय, आपल्या दुकानात काठ्या घेतलेली माणसं.

पोरीला जवळ घे. कुरुत जास्त देऊ नकोस.

तुझा,
केंजे

*

सारी-बुलाक,
१५ ऑक्टोबर १९९५

चि. केंजेस,
जेंगेचे आशीर्वाद. वि. वि.

या पत्राच्या शेवटी तुला अहो-जाहो करायचंय, म्हणून आत्ताच शेवटचं अरे-तुरे करून घेते.

पाकिटाला कणकेची खळ जाड लावलीय, कारण हे बुरुलच्या हातून जाणार आणि ती ते उजेडात धरून बघणार. बुरुल, बघत असशील तर बघ. बकरी मागच्या दारानं कुणी सोडली ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पळताना तुझा एक बूट राहिला होता. म्हणून तू दार वाजवलंस त्या दिवशी तुझं तोंड बघवत नाही म्हणाले, तुला बघितलं की मला हसू आवरत नव्हतं.

केंजे, मी रागावले नव्हते रे. तेव्हाही नाही आणि आताही नाही. तेव्हा सासूबाई उंबऱ्यातून तशाच घरी गेल्या, रुमालात तोंड घालून खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. मी पाया पडायला गेले तर बाई हसून हसून श्वास लागलेली. त्यानंतर त्या जाईपर्यंत, बकरी दिसली की माझ्याकडे बघून विचारायच्या, अजून भूक आहे का गं तिला. त्यांचं नाव मी आजही लिहीत नाही, पण त्यांची आठवण आली की तुझी येते. तू उगीच कालव्याच्या बाजूनं चिखल तुडवत बसलास. दुकानातून मला दिसायचं.

आता दुकान का बंद ठेवलं ते सांगते. कुणाला सांगितलेलं नाही. उलानचे वडील गेल्यापासून मला माझ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही. सुना घेत नाहीत, तो रिवाजच. गावाला मी जेंगे, पोरांना आजी. दुकानातसुद्धा सगळे सभ्यपणानं खडाच मागतात. आणि तुझी पोरगी येते, भर बायकांत ठासून नाबात म्हणते. शंभर ग्रॅम का होईना, मला कुणी तरी मागितलं. मी घरी जाऊन आधी रडले, मग दातपाडी आठवून हसले, मग परत रडले. चार दिवस लागले. असा चेहरा घेऊन कुणी दुकान उघडतं का?

सहा तारखेला, शुक्रवारी, मी तुझ्या मुलीच्या कानांत माझे डूल घातले. शनिवारी ती गल्ल्यामागं उभी राहिली. उंच आहे, पेटी लागत नाही. बिलियर्डवाल्याला तिनं खणखणीची बादली विकून परत पाठवलं. लग्नानंतर ती माझं नाव घेणार नाही, घेऊ नये. खड्यासाठी तिचा शब्द ठरला. गावातली पोरं आत्ताच दातपाडी मागायला लागलीत आणि माझ्या दातांकडे बघून पळताहेत.

लग्नाचं ठरवायला आता तुम्ही आणि सौ. मेरिम या, व्याही. समोरच्या बाजूनं या. दरवाजा पहिली दोन वर्षं हिरवा होता, मग निळा दिला, तेव्हा भावंडांनी भांडण मिटवावं. तुमचा त्या दिवशीचा खडा मी बटणांच्या डब्यात ठेवला होता, तो अजून आहे, मुंगी लागलेली नाही. पण तो असाच मिळायचा नाही. रिवाज सुनांना आहे, व्याह्यांना नाही. तुम्ही गल्ल्यासमोर उभं राहायचं, आणि बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं माझ्या नावानं मागायचा.

लोभ तेहतीस वर्षं डब्यात होता, आता तो बाहेर काढावा ही विनंती.

तुमची विहीण,
नाबात