आय ॲम म्हणजे राहिली

बाई,

तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून वाक्य आधी मनात एकदा तपासून घेते. माझं पुस्तक छापायला जातंय. उद्या सकाळी होकार कळवायचा आहे आणि तो तुमच्यामुळे अडलाय. पुस्तक इंग्रजी संभाषणाचं आहे, मोठ्या माणसांसाठी. शाळा सुटून तीस-चाळीस वर्षं झालेली माणसं अकोल्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी शिकायला येतात. कोणाला मुलाच्या ऑफिसातल्या लोकांशी दोन शब्द बोलायचे असतात, कोणाला सुनेच्या माहेरच्यांशी. पुस्तक मी स्वतःच काढतेय, कारण एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत करताना लिहिलं की पाठ उत्तम आहेत, फक्त त्यातली मराठी तेवढी शुद्ध करून द्या. वाचलं आणि सगळ्यात आधी तुमचा चेहरा आठवला.

सातवीचा वर्ग. मधली सुट्टी संपल्याची घंटा होऊन गेलीय, तुम्ही दारात उभ्या आहात आणि माझ्या तोंडात भाकरीचा घास आहे. तुम्ही विचारता, "काय चाललंय?" मी घास गालात सारून म्हणते, "बाई, मी जेवून राहिली." तुम्ही कधी छडी हातात घेतली नाही. तुम्हाला तिची गरजच नव्हती. "जेवून राहिलीस? कुठे राहिलीस? इथेच मुक्काम का आता?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण तेवढंच हातात होतं. त्या दिवसापासून 'राहिली' माझ्या तोंडातून हद्दपार झाली. घरीसुद्धा मी "जेवते आहे" म्हणायला लागले. माय तव्यावरची भाकर उलटत म्हणाली, "वा व पुण्यावाली! भाकर चालते ना तुले, का तेही बदलून पाह्यजे?" मला तुमचा राग आला होता, बाई, खोटं कशाला सांगू. पण तुमच्यासारखं बोलता यावं ही हाव त्या रागापेक्षा मोठी होती.

दहावीला तुम्ही मला घरी बोलावलंत, अमरावतीतल्या तुमच्या त्या दोन खोल्यांच्या घरी. माझ्या 'व्हेरी वेल'मधले व्ही आणि डब्ल्यू सारखेच वाजायचे. तुम्ही कपाटातून गुलाबी प्लॅस्टिकच्या कडेचा गोल आरसा काढलात आणि म्हणालात, "व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर चुकलं. हा आरसा तुझ्याकडेच ठेव." मी आरशात बघून दात टेकवतेय, एवढ्यात स्वयंपाकघरातून तुमच्या आईंचा आवाज आला, "अव, कुठी गेली? वरन उतू जाऊन राहिलं!" आणि तुम्ही, आमच्या बाई, मान वळवून तिथूनच ओरडलात, "येऊन राहिली ना माय!"

मी आरशातून वर पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहत होतात. तुमचे कान लाल झाले होते, माझेही झाले असणार. "आरसा फुटू देऊ नकोस," एवढंच म्हणून तुम्ही वरण बघायला गेलात. तुम्ही मूळच्या चांदूर रेल्वेकडच्या, म्हणजे आमच्याच वऱ्हाडातल्या, हे मला नंतर कळलं. ते वाक्य मी शाळेत कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वर्षभर माझा भाव वधारला असता. पण त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदाच आपल्या वाटलात, आणि आपल्या माणसाची अशी गोष्ट चारचौघांत काढायची नसते.

आता माझ्या वर्गातल्या मावशींचं सांगते. साठी ओलांडलेल्या, त्यांचा फुलांचा मळा आहे. मुलगी बंगळुरूला, आणि नातू फोनवर इंग्रजीशिवाय बोलत नाही. नातवाशी बोलायचं एवढ्यासाठी मावशी बस बदलून येतात. मी फळ्यावर लिहिलं, 'मी खात आहे', आणि समोर 'आय ॲम ईटिंग'. तीन दिवस झाले तरी गाडी पुढे जाईना. चौथ्या दिवशी मावशी वैतागल्या. "मॅडम, हे खात आहे कोन म्हनते? आमी तं खाऊन राहिलो म्हनतो." मी फळ्यावरचं 'खात आहे' पुसलं. मग मी लिहिलं, 'मी खाऊन राहिली'. 'खाऊन'च्या खाली लिहिलं ईटिंग, 'राहिली'च्या खाली लिहिलं ॲम. म्हटलं, फक्त या राहिलीला उचलून पुढे बसवायचं. मावशींनी एकदा बोटाने हवेत उचलून बसवून पाहिलं. "मंग असं सांगा ना! आय ॲम ईटिंग. हे तं आपलंच हाय!" त्या दिवशी वर्ग सुटता सुटेना. जो तो काही ना काही करून राहिला होता. पुढच्या आठवड्यात नातवाने फोनवर विचारलं, आजी, व्हॉट आर यू डुइंग? मावशी म्हणाल्या, "आय ॲम मेकिंग हार." हे मला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही.

त्यातूनच पुस्तक झालं. डाव्या रकान्यात आपली वऱ्हाडी, उजव्या रकान्यात इंग्रजी. टायपिंगला एका भाऊंकडे दिलं, इथलेच, फार भला माणूस. परवा प्रुफं उघडून पाहते तर डावीकडे सगळीकडे 'खात आहे', 'जात आहे', 'करत आहे'. फोन केला. भाऊ खुशीत होते. "मॅडम, तुमचं पुस्तक लय अशुद्ध होतं. दोन दिसांपासून तेच शुद्ध करून राहिलो मी. काही टेन्शन घेऊ नका." मला इतकं हसू आलं की फोन बाजूला धरावा लागला. पण बाई, हसून झाल्यावर माझ्या तोंडून निघालं, "बरं, राहू द्या."

मला हायसं वाटलं होतं. पानं कशी स्वच्छ दिसत होती, कुठे नाव ठेवायला जागा नाही. तुमच्याकडून लाल शाईशिवाय परत आलेल्या वहीसारखी. मी ती प्रुफं तशीच ठेवली असती. पण काल वर्गात मावशींनी ती कौतुकाने हातात घेतली. ओळीवरून बोट फिरवत राहिल्या, पान उलटलं, परत मागे आल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आपली राहिली कुठी गेली? चूक होती का ते?"

काय सांगणार? आमच्या बाई रागावतील, हे? साठी ओलांडलेल्या मावशींना मी सातवीतल्या माझ्या जागी बसवलं होतं.

आज दुपारी भाऊंकडे जाऊन सगळं परत पहिल्यासारखं करून घेतलं. ते कुरकुरले, "लोक हासतीन, मॅडम." म्हटलं, हसू द्या, हसले म्हणजे वाचलं तरी. चौथ्या पाठात एक मुलगी स्वयंपाकघरातल्या आईला ओरडून सांगते, "येऊन राहिली ना माय!" समोर इंग्रजी आहे. नाव कोणाचं घातलेलं नाही, काळजी करू नका. मग भाऊ पहिल्या पानाशी थांबले. तिथे अर्पणपत्रिकेत मी लिहिलं होतं, 'माझ्या बाईंना'. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "हे एकच पान शुद्ध राहू द्याचं ना?" मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते.

तेवढंच अडलं होतं. आता ठरवलंय. सकाळी त्यांना सांगणार आहे, तिथे 'माह्या बाईले' करा. त्यात अहोजाहो नाही, माहीत आहे मला. आपल्याकडे मायलेही कोणी अहो म्हणत नाही. या पत्राला पत्ता नाही, ते कुठे जायचं नाही, म्हणून एक कबूल करते. तुम्ही आज असता तर मी 'बाईंना'च ठेवलं असतं.